अ‍ॅप तेच, व्हर्जनही तेच. मग एका फोनवर चालतं आणि दुसऱ्यावर बंद का पडतं?

दिवाळीच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. उधारीची लाल वही बाजूला ठेवून तीनेक वर्षांपासून ते मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये हिशोब लिहितात. त्या सकाळी त्यांनी 'बाकी नोंदी' या बटणावर बोट ठेवलं आणि अ‍ॅप बंद पडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. बाकी सगळं ठीक होतं. नवीन नोंद होत होती, बॅकअप निघत होता, फक्त कोणाकडून किती येणं आहे ती यादी दिसत नव्हती. आणि दिवाळीच्या तोंडावर किराणा दुकानदाराला नेमकी तीच यादी हवी असते.

गिऱ्हाईकांपैकी एकाने लगेच सल्ला दिला, "मामा, अ‍ॅप उडवा आणि परत टाका, होईल नीट." मामांनी ऐकलं नाही, हे त्यांचं नशीब. त्यांच्या मुलाने बॅकअपची फाइल आपल्या नव्या फोनवर घेतली, तेच अ‍ॅप टाकलं, आणि सगळी यादी डोळ्यांसमोर! अ‍ॅप तेच, त्याचं व्हर्जन तेच, डेटाही तोच. फरक फक्त फोनचा. मामांचा फोन अँड्रॉइड १० वर, मुलाचा अँड्रॉइड १४ वर.

"जुना फोन आहे, हँग होत असेल" असं म्हणून आपण हे सोडून देतो. पण मामांचा फोन हँग होत नव्हता. त्याच्या आत बसलेला एक छोटासा प्रोग्रॅम जुना होता. त्याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, पण तो तुमच्या खिशात आत्ताही चालू आहे.

एसक्यूलाइट नावाचा अदृश्य कारकून

व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, फोनमधले कॉन्टॅक्ट, ब्राउझरची हिस्ट्री, उधारीची नोंद. हे सगळं फोनमध्ये कुठेतरी नीट लावून ठेवावं लागतं, म्हणजे शोधलं की क्षणात सापडतं. हे काम बहुतेक वेळा एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस करतो. बँकेचा किंवा रेल्वेचा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर चालतो आणि त्याला सांभाळायला माणसं असतात. एसक्यूलाइट तसा नाही. तो अ‍ॅपच्या पोटातच बसतो आणि सगळा डेटा एका साध्या फाइलमध्ये ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपची अँड्रॉइडवरची 'एमएसजीस्टोअर' ही फाइल म्हणजे एसक्यूलाइटचाच डेटाबेस.

त्याचा जन्म मात्र युद्धनौकेसाठी झाला. अमेरिकेतले डी. रिचर्ड हिप हे प्रोग्रॅमर नौदलाच्या विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंत्राटावर काम करत होते. तिथला डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर होता, आणि तो बंद पडला की त्यांचं सॉफ्टवेअरही ठप्प व्हायचं. सर्व्हरच नको, थेट फाइलमधून वाचता येईल असं काहीतरी हवं, या विचारातून २००० साली एसक्यूलाइटची पहिली आवृत्ती आली. हिप स्वतः त्याचा उच्चार 'एस-क्यू-एल-आइट' असा करतात, एखाद्या खनिजाचं नाव असावं तसा. आपण एसक्यूलाइटच म्हणू.

आज जगात एक लाख कोटींहून अधिक एसक्यूलाइट डेटाबेस वापरात असावेत, असा तो बनवणाऱ्यांचाच अंदाज आहे. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असे शेकडो असतात, हे लक्षात घेतलं तर आकडा फुगवलेला वाटत नाही. एअरबस ए३५० विमानातही तो आहे. आणि हे सगळं सांभाळणारी मुख्य टीम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांनी तो कोणत्याही परवान्याशिवाय सार्वजनिक मालकीत टाकून दिलाय. २०५० सालापर्यंत आपण तो सांभाळणार, असा त्यांचा वायदा आहे. मूळ कोडच्या सुमारे ५९० पट मोठं कोड त्यांनी फक्त चाचण्यांसाठी लिहिलंय.

इतकी काळजी घेतलेली वस्तू आहे, तर मामांच्या दुकानात घोटाळा का झाला? कारण एसक्यूलाइट बनवणारे वेगळे आणि तो तुमच्या फोनपर्यंत पोहोचवणारे वेगळे.

फोनमध्ये तो येतो कसा?

एसक्यूलाइटची नवी आवृत्ती वर्षातून काही वेळा येते. पण ती आली म्हणून तुमच्या फोनमध्ये येत नाही. गूगल अँड्रॉइडची पुढची आवृत्ती बनवताना त्यातली एखादी निवडतं, तपासतं आणि अँड्रॉइडमध्ये बसवतं. मग फोन कंपनी ते अँड्रॉइड घेते, आपले रंग चढवते आणि तुमच्या मॉडेलला अपडेट द्यायचं की नाही ते ठरवते. मोठं अपडेट थांबलं की आतला एसक्यूलाइटही तिथेच थांबतो. तुम्ही प्ले स्टोअरवरून रोज अ‍ॅप अपडेट करत असलात तरी काही फरक पडत नाही, कारण तो अ‍ॅपचा नाही, फोनच्या सिस्टिमचा भाग आहे.

आकडे बघितले की अंतर कळतं. अँड्रॉइड ९ आणि अँड्रॉइड १० या दोन्हींत एसक्यूलाइटची ३.२२ ही आवृत्ती आहे, म्हणजे जानेवारी २०१८ ची. अँड्रॉइड १० बाजारात आलं सप्टेंबर २०१९ मध्ये. म्हणजे फोन कोरा करकरीत असतानाच त्यातला डेटाबेस दीड वर्षाहून जुना होता. अँड्रॉइड ११ मध्ये ३.२८ आली. अँड्रॉइड १२ आणि १३ मध्ये ३.३२, जी मुळात २०२० च्या मध्यातली. अँड्रॉइड १४ मध्ये ३.३९, आणि अँड्रॉइड १५ मध्ये ३.४४.

यावरही एक मेख आहे. काही फोन कंपन्या आपल्या फोनमध्ये वेगळीच आवृत्ती टाकतात, असं अँड्रॉइडची अधिकृत माहितीच सांगते. त्यामुळे शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन अँड्रॉइड १० फोनमध्येही तो एकच असेल याची हमी नाही.

आयफोनमध्येही एसक्यूलाइट आहे आणि तोही सिस्टिमसोबतच येतो. पण तिथे फोन बनवणारा आणि सिस्टिम बनवणारा एकच. अपडेट निघालं की पात्र असलेल्या सगळ्या मॉडेल्सना एकदमच मिळतं. त्यामुळे फरक असतो, पण दोन-तीन पिढ्यांपुरता. अँड्रॉइडवर मात्र सात-आठ पिढ्या एकाच वेळी नांदतात. आपल्याकडे तर हे आणखी ठळक दिसतं. घरातला कमावता माणूस नवा फोन घेतो, जुना बायकोकडे किंवा आईकडे जातो, तिथून तो शाळेतल्या मुलाकडे. फोन चालतोय तोवर आपण टाकत नाही, आणि का टाकावा?

९९९ चा घोळ

आता मामांच्या यादीकडे वळू. ओळखीच्या एका अ‍ॅप डेव्हलपरने फोन लॅपटॉपला जोडून आतली नोंदवही बघितली. तिथे एकच ओळ सारखी येत होती: 'टू मेनी एसक्यूएल व्हेरिएबल्स'. म्हणजे, प्रश्नात रिकाम्या जागा फार झाल्या.

झालं होतं असं. अ‍ॅप आधी बाकी असलेल्या सगळ्या नोंदींचे क्रमांक गोळा करायचं. मग ते सगळे क्रमांक एकाच प्रश्नात भरून एसक्यूलाइटला विचारायचं, "या या नोंदींचा तपशील दे." प्रत्येक क्रमांकासाठी प्रश्नात एक रिकामी जागा. एसक्यूलाइटमध्ये अशा जागांवर पूर्वापार मर्यादा होती, ९९९. मे २०२० मध्ये आलेल्या ३.३२ या आवृत्तीत ती एकदम ३२,७६६ वर नेली. ही आवृत्ती फोनमध्ये आली अँड्रॉइड १२ पासून.

म्हणजे ज्या डेव्हलपरने हे लिहिलं, त्याच्या टेबलावर नवा फोन असणार. त्याच्याकडे पाच हजार नोंदी टाकल्या तरी अ‍ॅप चाललं असतं. मामांच्या फोनवरही ९९९ नोंदींपर्यंत सुरळीत चाललं, आणि हजारावी बाकी नोंद झाली त्या दिवशी कोसळलं. सणासुदीला उधारी वाढते, म्हणून ते नेमकं दिवाळीच्या आधी घडलं. गंमत म्हणजे पाडव्यापर्यंत लोकांनी पैसे चुकते केले, नोंदी हजाराच्या खाली आल्या आणि अ‍ॅप आपोआप 'बरं' झालं! कोणी काहीच केलं नव्हतं. असे आजार शोधणं किती अवघड असतं ते यावरून कळावं. तक्रार करणारा म्हणतो बंद पडतं, कंपनीवाला म्हणतो आमच्याकडे तर चालतंय, आणि दोघंही खरं बोलत असतात.

हे फक्त ९९९ पुरतं नाही. एसक्यूलाइट दर वर्षी नव्या गोष्टी शिकतो. 'नोंद असेल तर बदल, नसेल तर नवी कर' ही एकाच दमात द्यायची आज्ञा त्याला जून २०१८ मध्ये आली. अँड्रॉइड १० च्या फोनला ती समजतच नाही. तक्त्यातल्या रकान्याचं नाव थेट बदलायची सोय सप्टेंबर २०१८ ची, ती फोनमध्ये अँड्रॉइड ११ ला पोहोचली. नको असलेला रकाना काढून टाकायची सोय मार्च २०२१ ची. ती ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ मध्येही नाही.

"रकाना काढता आला नाही तर माझं काय बिघडतं?" असं तुम्ही विचाराल. बिघडतं ते असं. अ‍ॅप अपडेट झालं की पहिल्यांदा उघडताना ते पुष्कळदा आपल्या डेटाबेसची रचना बदलतं. नव्या एसक्यूलाइटवर एका आज्ञेत होणारं काम जुन्यावर लांबच्या रस्त्याने करावं लागतं: नवा तक्ता बनवा, सगळा डेटा त्यात उतरवून काढा, जुना तक्ता पाडा, नव्याला जुन्याचं नाव द्या. यासाठी काही काळ डेटाच्या दोन प्रती ठेवायला जागा लागते. आणि जुन्या फोनमध्ये जागेचीच बोंब असते. 'स्टोरेज फुल' ची सूचना महिनाभर सरकवून टाकलेली असते, आणि त्याच फोनवर अपडेटनंतर एखादं अ‍ॅप 'थोडा वेळ थांबा' म्हणत बसून राहतं.

नवी आवृत्ती म्हणजे सगळं ठीक, असंही नाही

२०१८ च्या डिसेंबरमध्ये उलट्या बाजूचा फटका बसला. वेबसाइट बनवण्यासाठी जगभर वापरलं जाणारं जँगो हे साधन वर सांगितलेल्या लांबच्या रस्त्यानेच रचना बदलायचं. जुन्या तक्त्याचं नाव तात्पुरतं बदलून त्याला 'ओल्ड' अशी शेपटी लावायची, नवा बनवायचा, मग 'ओल्ड' पाडून टाकायचा. एसक्यूलाइटच्या ३.२६ आवृत्तीत एक सुधारणा झाली. तक्त्याचं नाव बदललं की त्याच्याकडे बोट दाखवणारे बाकीचे तक्तेही आता आपोआप नवं नाव लक्षात ठेवू लागले. सुधारणा शहाणपणाचीच होती. पण त्यामुळे बाकीचे तक्ते 'ओल्ड' कडे बोट दाखवू लागले, आणि पुढच्याच पायरीला 'ओल्ड' पाडला गेला. जगभरच्या प्रोग्रॅमरना एकच तक्रार दिसू लागली, 'अमुक ओल्ड नावाचा तक्ता सापडत नाही'. जँगोने जानेवारी २०१९ मध्ये दुरुस्ती दिली.

इथे चूक कोणाची, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मला विचाराल तर कोणाचीच नाही आणि दोघांचीही. ज्या वागणुकीवर एक जण विसंबून होता ती दुसऱ्याने सुधारली, इतकंच.

आणखी एक साधी गोष्ट. 'सगळ्या नोंदी दे' असं म्हटलं पण क्रम सांगितला नाही, तर एसक्यूलाइट त्याला सोयीच्या क्रमाने देतो. तो सोयीचा क्रम आवृत्तीनुसार बदलू शकतो. एका फोनवर हजेरीची यादी रोल नंबरने दिसते आणि दुसऱ्यावर विस्कटलेली, याचं कारण अनेकदा इतकंच असतं. क्रम मागायला विसरलेल्या प्रोग्रॅमरला आधीच्या आवृत्तीने सांभाळून घेतलेलं असतं.

नव्या फोनवरचा बॅकअप जुन्यावर

मामांच्या बाबतीत फाइल जुन्या फोनवरून नव्यावर गेली. हा रस्ता भरवशाचा आहे. २००४ मध्ये एसक्यूलाइटची तिसरी पिढी आली तेव्हापासून फाइलचा साचा तोच आहे, आणि वीस वर्षांपूर्वीची फाइल आजचा एसक्यूलाइट बिनतक्रार उघडतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दीर्घकाळ माहिती जपून ठेवण्यासाठी सुचवलेल्या साच्यांमध्ये याचा समावेश आहे, तो उगाच नाही.

उलट्या रस्त्याला मात्र खड्डे आहेत. नवा फोन पाण्यात पडला, दुरुस्तीला दिला, आणि चार दिवस कपाटातला जुना फोन काढला. बॅकअप त्यावर टाकला. अ‍ॅप म्हणतं, फाइल खराब आहे. फाइल खराब नसते. अ‍ॅपने नव्या फोनवर डेटाबेसची रचना करताना एखादी नवी सोय वापरलेली असते, आणि जुन्या एसक्यूलाइटला ती रचनाच वाचता येत नाही. उदाहरणार्थ, रकान्यात ठरल्या प्रकारचीच माहिती बसेल अशी सक्ती करणारे 'स्ट्रिक्ट' तक्ते नोव्हेंबर २०२१ च्या ३.३७ आवृत्तीपासून आले. त्याआधीचा एसक्यूलाइट असा तक्ता दिसला की रचना बिघडली आहे असं सांगून मोकळा होतो. काळजी घेणारे डेव्हलपर अशा सोयी टाळतात. सगळेच टाळतात असं नाही. म्हणून 'फाइल खराब आहे' हे वाक्य वाचून बॅकअप डिलीट करू नका. तीच फाइल नव्या फोनवर उघडू शकते.

आणि सुरक्षेचं काय?

जुना एसक्यूलाइट म्हणजे फक्त गैरसोय असती तर चाललं असतं. पण जुन्या आवृत्तीतल्या फटी सगळ्यांना ठाऊक झालेल्या असतात.

डिसेंबर २०१८ मध्ये टेन्सेंटच्या सुरक्षा संशोधकांनी 'मॅगेलन' नावाने एसक्यूलाइटमधल्या त्रुटी उघड केल्या. त्यातून क्रोम ब्राउझरवर हल्ला करता येत होता. गूगलने क्रोम ७१ मध्ये त्या बुजवल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की आयफोनच्या कॉन्टॅक्टची डेटाबेस फाइल बदलून ठेवली, तर पुढच्या वेळी कॉन्टॅक्ट शोधताना हल्लेखोराचा कोड चालवता येतो. त्यासाठी आधी फोन हातात मिळावा लागत होता, म्हणून घबराट झाली नाही. पण ज्या त्रुटीचा त्यांनी वापर केला त्यातली एक चार वर्षं माहीत असलेली होती. निरुपद्रवी समजून ती तशीच राहिली होती.

अलीकडची घटना जुलै २०२५ ची. गूगलच्या 'बिग स्लीप' या एआय प्रणालीने एसक्यूलाइटमधली एक गंभीर त्रुटी शोधली. ती ३.५०.२ या आवृत्तीत दुरुस्त झाली. हल्लेखोर ती वापरण्याच्या बेतात होते आणि त्याआधीच आम्ही ती पकडली, असं गूगलचं म्हणणं होतं. याच प्रणालीने २०२४ च्या ऑक्टोबरमध्येही एसक्यूलाइटमध्ये एक चूक पकडली होती. ती मात्र अधिकृत आवृत्तीत जाण्याआधीच सापडली आणि त्याच दिवशी दुरुस्त झाली.

आता वरचे आकडे आठवा. दुरुस्ती ३.५०.२ मध्ये, आणि अँड्रॉइड १५ च्या फोनमध्ये ३.४४. मग काय, सगळेच उघड्यावर? नाही. इथे एक बारकावा आहे जो सोशल मीडियावरच्या घाबरवणाऱ्या पोस्ट्समध्ये सुटतो. गूगल आणि फोन कंपन्या पूर्ण नवी आवृत्ती न टाकता फक्त दुरुस्तीचं ठिगळ जुन्या आवृत्तीला लावू शकतात. दर महिन्याला येणारं 'सिक्युरिटी अपडेट' म्हणजे अशीच ठिगळं. आवृत्तीचा आकडा जुनाच दिसतो, पण भोक बुजलेलं असतं. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून फोन असुरक्षित ठरवता येत नाही. ज्या फोनला ही मासिक अपडेट मिळणंही थांबलंय, त्याची काळजी करायला हवी. तिथे ठिगळ लावणारं कोणी उरलेलं नसतं.

अ‍ॅपवाले आपला एसक्यूलाइट आपणच का आणत नाहीत?

काही जण आणतात. क्रोम आणि फायरफॉक्स आपापला एसक्यूलाइट सोबत घेऊन फिरतात. सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप एसक्यूलाइटचा कुलूपबंद अवतार वापरतं, तोही स्वतःचा. गूगलने अ‍ॅप बनवणाऱ्यांना दिलेल्या 'रूम' या साधनाच्या नव्या आवृत्त्यांमध्येही एसक्यूलाइट अ‍ॅपसोबत बांधून देण्याची सोय आली आहे. असं केलं की मामांचा फोन आणि मुलाचा फोन, दोन्हीकडे एकच कारकून बसतो.

मग सगळ्यांनीच का करू नये? अ‍ॅपचा आकार थोडा वाढतो, हे एक कारण. ते किरकोळ आहे. खरं ओझं जबाबदारीचं. सिस्टिममधल्या एसक्यूलाइटला ठिगळ लावणं गूगलचं आणि फोन कंपनीचं काम. स्वतःचा आणला की ते काम तुमचं. दोन माणसांची कंपनी असेल, अ‍ॅप बनवून दोन वर्षांनी दुसऱ्या कामाला लागली असेल, तर तिने सोबत बांधलेला एसक्यूलाइट मामांच्या फोनमधल्या सिस्टिमपेक्षाही जुना होऊन बसतो.

शिवाय एक जुना धोका आहे, जो एसक्यूलाइटवाले स्वतःच 'डेटाबेस खराब कसा करावा' अशा मजेशीर मथळ्याच्या पानावर सांगतात. एकाच अ‍ॅपमध्ये एसक्यूलाइटच्या दोन प्रती असल्या आणि दोन्हींनी एकच फाइल उघडली, तर एकीने लावलेलं कुलूप दुसरी नकळत काढून टाकू शकते. मग दोघी एकाच वेळी लिहितात आणि फाइल खरोखरच नासते.

तिसरा मार्ग म्हणजे जुन्या फोनला रामराम करणं. व्हॉट्सअ‍ॅपने २०२५ च्या सुरुवातीला अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर काम करणं थांबवलं. त्यामागे एसक्यूलाइटच होता असं नाही, अशा निर्णयांत पन्नास गोष्टी असतात. पण प्ले स्टोअरवर 'हे अ‍ॅप तुमच्या फोनवर चालणार नाही' असं दिसतं तेव्हा फोनच्या पोटातले असे जुने भाग सांभाळत बसण्याचा खर्च कोणीतरी नाकारलेला असतो.

फोन घेताना विचारायचा प्रश्न

तुमच्या फोनमधला एसक्यूलाइट कोणता, हे सेटिंग्जमध्ये दिसत नाही. पण 'अबाउट फोन' मध्ये अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती तारीख वर्षभर जुनी असेल, तर त्या फोनवर बँकेचं आणि पैशांचं काम कमी केलेलं बरं.

एखादं अ‍ॅप सारखं बंद पडत असेल तर आधी 'क्लिअर कॅशे' करून बघा. त्याने डेटाबेस जात नाही. 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' केलं, अथवा अ‍ॅप काढून टाकलं, तर फोनमधली एसक्यूलाइटची फाइलच जाते. अ‍ॅपने परवानगी दिली असेल तर अँड्रॉइड गूगल खात्यावर आपोआप बॅकअप ठेवतं, पण त्याला प्रत्येक अ‍ॅपमागे २५ एमबीची मर्यादा आहे, आणि प्रत्येक अ‍ॅप परवानगी देतंच असं नाही. तक्रार लिहिताना अ‍ॅपच्या व्हर्जनसोबत अँड्रॉइडचं व्हर्जन आणि फोनचं मॉडेलही लिहा. 'अ‍ॅप चालत नाही, एक स्टार' यावरून कोणालाच काही शोधता येत नाही.

आणि फोन विकत घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारतो तसं 'अपडेट किती वर्षं मिळणार' हेही दुकानदाराला विचारा. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलंय, पण ते महागडे फोन. दहा-बारा हजारांच्या फोनला इतकी वर्षं मिळत नाहीत. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय: एखाद्या मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही किमान पाच वर्षं त्याला अपडेट द्यावी लागतील, मग फोन स्वस्त असो की महाग. आपल्याकडे फोन हातोहात फिरतात आणि दहा वर्षं वापरले जातात, त्यामुळे अशा नियमाची गरज आपल्याला युरोपपेक्षा जास्तच आहे, असं मला वाटतं.

मामांच्या अ‍ॅपवाल्यांना आम्ही अँड्रॉइड १० चा उल्लेख करून, तो ९९९ चा आकडा सांगून मेल लिहिला होता. तीन आठवड्यांनी अपडेट आलं. आता ते नोंदी पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्याने मागतं. मामांनी मात्र दुसऱ्याच दिवशी लाल वही पुन्हा काढली आणि अ‍ॅपमधल्या सगळ्या बाकी त्यात पेनाने उतरवून घेतल्या.